सातारा व सांगली जिल्ह्यांतील मौखिक आरोग्य : वयोगटनिहाय समस्या आणि दंतनिगेचा विचार

प्रस्तावना

मानवी जीवनात आरोग्याला अनन्यसाधारण महत्त्व आहे. तथापि आरोग्याचा विचार करताना हृदय, रक्तदाब, मधुमेह यांकडे आपले जितके लक्ष जाते, तितके मुखाच्या आरोग्याकडे जात नाही. दात दुखू लागला की वेदनाशामक गोळी घ्यावी, फारच दुखला तर काढून टाकावा, अशीच आपल्या समाजातील सर्वसाधारण रीत आहे. अन्नाचे चर्वण, स्पष्ट उच्चार, चेहऱ्याची ठेवण आणि चारचौघांत मोकळेपणाने हसण्याचा आत्मविश्वास या सर्व गोष्टी दातांवर अवलंबून असतात, याची जाणीव बहुधा दात गेल्यानंतरच होते.

या प्रश्नाची व्याप्ती लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे ३५० कोटी लोकांना कोणता ना कोणता मौखिक विकार आहे. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात दात किडण्याचे प्रमाण ५ वर्षांच्या मुलांत ५१.९ टक्के, १२ व्या वर्षी ५३.८ टक्के, १५ व्या वर्षी ६३.१ टक्के, ३५ ते ४४ या वयोगटात ८०.२ टक्के आणि ६५ ते ७४ या वयोगटात ८५.० टक्के आढळले. हे आकडे एका ओळीत मांडले असता एक गोष्ट स्पष्ट होते. दंतरोग हा कोणत्याही एका वयाचा रोग नाही. तो बालपणी सुरू होतो आणि वयाबरोबर साचत जातो. एका वयातील दुर्लक्ष हे पुढील वयातील रोगाचे कारण ठरते, हेच प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

लेखाची उद्दिष्टे व स्वरूप

१. दात व हिरड्यांचे विकार कसे निर्माण होतात, हे सोप्या भाषेत स्पष्ट करणे.
२. वयाच्या निरनिराळ्या टप्प्यांवरील समस्या व त्यांवरील उपाय यांचा आढावा घेणे.
३. सातारा व सांगली जिल्ह्यांतील जीवनपद्धतीशी या समस्यांचा असलेला संबंध तपासणे.
४. या संदर्भात महाविद्यालयांना पार पाडता येईल अशी भूमिका मांडणे.

प्रस्तुत लेख दुय्यम साधनांवर आधारित असून त्याचे स्वरूप वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे. सातारा आणि सांगली हे कृष्णाकाठचे दोन जिल्हे येथे एकत्र विचारात घेतले आहेत. दोन्ही जिल्ह्यांत एकीकडे उसाचा बागायती पट्टा आहे, तर दुसरीकडे माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ यांसारखे अवर्षणप्रवण तालुके आहेत. आहार, व्यवसाय आणि व्यसनांच्या सवयी या दोन्ही जिल्ह्यांत बऱ्याच अंशी सारख्या आहेत.

दात का किडतात?

दातात खरोखरच किडा असतो आणि तो दात पोखरतो, अशी समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन ‘किडे पाडण्याचा’ उपचार खेडोपाडी परिचित आहे. युरोपातही हीच समजूत होती. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ती अमान्य केली. पुढे १८९० मध्ये डब्ल्यू. डी. मिलर यांनी मुखातील सूक्ष्मजंतू अन्नातील शर्करेपासून आम्ल तयार करतात व ते आम्ल दात विरघळवते, हा सिद्धान्त मांडला. आजचे दंतशास्त्र याच पायावर उभे आहे.

दाताचे बाह्य आवरण म्हणजे एनॅमल हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. परंतु मुखातील आम्लता वाढून सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधील खनिजे विरघळू लागतात. गोड पदार्थ खाल्ल्यानंतर काही मिनिटांतच अशी स्थिती निर्माण होते. त्यानंतर लाळेच्या साहाय्याने मूळ स्थिती येण्यास साधारणतः अर्धा तास किंवा त्याहून अधिक काळ लागतो. या काळात लाळ गेलेली खनिजे परत बसवण्याचेही काम करते. म्हणजेच दात दिवसभर झिजत व भरून निघत असतो. झीज अधिक आणि भरपाई कमी असे दीर्घकाळ घडत राहिले, की खड्डा पडतो.

यावरून साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली, याला अधिक महत्त्व का आहे, हे लक्षात येते. स्वीडनमधील व्हिपेहोम येथे १९४५ नंतर झालेल्या अभ्यासात जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेपेक्षा दोन जेवणांच्या मध्ये खाल्लेली चिकट मिठाई दातांना कितीतरी अधिक घातक असल्याचे आढळले. हा प्रयोग मनोरुग्णालयातील असहाय रुग्णांवर करण्यात आला होता. त्यामुळे आजच्या नैतिक निकषांवर तो समर्थनीय ठरत नाही. मात्र त्याचा निष्कर्ष कायम राहिला आहे.

आपल्या परिसराला हा निष्कर्ष तंतोतंत लागू पडतो. येथे साखर आणि गूळ यांची वाण नाही. दिवसातून चार-पाच वेळा भरपूर साखरेचा चहा, त्याबरोबर बिस्कीट, खारी किंवा टोस्ट हा क्रम शेतात, कार्यालयात आणि प्राध्यापक कक्षातही सारखाच चालतो. प्रत्येक कपाबरोबर आम्लाचा एक नवा अर्धा तास सुरू होतो. गूळ नैसर्गिक असल्यामुळे दातांना बाधत नाही, ही समजूतही चुकीची आहे. गुळात मुख्यतः साखरच असते आणि तो चिकट असल्यामुळे दातांच्या फटींत अधिक वेळ राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार मुक्त शर्करेचे प्रमाण एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी, म्हणजे प्रौढ व्यक्तीसाठी साधारणतः दिवसाला ५० ग्रॅमपेक्षा कमी असावे.

शैशव आणि बालपण

दुधाचे दात साधारणतः सहाव्या महिन्यापासून येऊ लागतात आणि अडीच ते तीन वर्षांपर्यंत २० दात पूर्ण होतात. ‘दात येताना जुलाब व्हायचेच’ असे घरोघरी म्हटले जाते. वस्तुतः दात येण्याने जुलाब होत नाहीत. या वयात मूल हाताला लागेल ती वस्तू तोंडात घालते व त्यातून जंतुसंसर्ग होतो. जुलाब स्वाभाविक मानल्यामुळे उपचार लांबतात आणि शरीरातील पाणी कमी होऊन बाळाच्या जिवावर बेतू शकते.

या वयातील मुख्य समस्या म्हणजे पुढील वरचे दात किडणे होय. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवणे, चोखणीला मध किंवा साखर लावणे ही त्याची प्रमुख कारणे आहेत. झोपेत लाळ कमी सुटत असल्यामुळे गोड दूध दातांभोवती रात्रभर साचून राहते. तसेच दात किडवणारे जंतू बाळाच्या मुखात जन्मतः नसतात. ते बहुधा आईच्या किंवा सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या लाळेतून, एकाच चमच्याने भरवण्यासारख्या क्रियेतून येतात. म्हणून बाळाच्या दातांची काळजी आईच्या दातांपासून सुरू होते.

‘दुधाचे दात पडणारच आहेत, मग उपचार कशाला?’ हा प्रश्न पालक नेहमी विचारतात. दुधाचे दात कायमच्या दातांसाठी जागा राखून ठेवतात. ते अकाली गेले तर कायमचे दात वेडेवाकडे येतात. शिवाय दुखऱ्या दातामुळे मूल नीट जेवत नाही, झोपत नाही आणि त्याचे वजन वाढत नाही. पहिला दात दिसताच तो स्वच्छ ओल्या कापडाने किंवा मऊ ब्रशने पुसण्यास सुरुवात करावी. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट पुरेशी असते. मूल सात-आठ वर्षांचे होईपर्यंत दात घासण्याचे काम पालकांच्या देखरेखीखालीच व्हावे.

शालेय वय

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ उगवते. ती येण्यासाठी कोणताही दुधाचा दात पडत नाही. त्यामुळे बहुसंख्य पालक तिला दुधाचीच दाढ समजतात आणि किडली तरी ‘पडून नवी येईल’ म्हणून थांबतात. ती पुन्हा येत नाही. जबड्याची ठेवण व चर्वणाची शक्ती ज्या दाढेवर मुख्यतः अवलंबून असते, तीच अशा रीतीने केवळ अज्ञानामुळे गमावली जाते. या दाढेवरील खोल खाचा विशिष्ट लेप लावून बुजवता येतात. सीलंट या नावाने ओळखला जाणारा हा उपचार वेदनारहित असून भूल द्यावी लागत नाही.

शालेय वयातील दुसरी समस्या अपघाताची आहे. कुस्ती, कबड्डी, खो-खो यांची परंपरा असलेल्या या जिल्ह्यांत मैदानावर दात तुटण्याचे प्रसंग येतात. कायमचा दात मुळासकट निखळला तर तो फेकून देऊ नये. मुळाला हात न लावता, न घासता तो दुधात ठेवावा आणि शक्य तो तासाभरात दंतवैद्याकडे न्यावा. तो पुन्हा बसण्याची शक्यता असते. प्रत्येक क्रीडाशिक्षकाला ही माहिती असणे आवश्यक आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत दंतविकारांचाही समावेश आहे. तपासणी पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात. मात्र ऊसतोडणीच्या हंगामात मराठवाड्यातून कारखान्यांच्या परिसरात येणाऱ्या कुटुंबांतील मुले तपासणीच्या दिवशी ना गावाकडील शाळेत असतात, ना येथील. ज्या मुलांना तपासणीची सर्वाधिक गरज असते, तीच अशा प्रकारे बाहेर राहतात.

महाविद्यालयीन वय

सतरा ते पंचवीस या वयात अक्कलदाढा येतात. जागा अपुरी असल्यास त्या अडकतात, हिरडीला सूज येते आणि तोंड उघडणे अवघड होते. परंतु या वयाचा खरा धोका गुटखा, मावा, सुगंधी सुपारी आणि तंबाखूचा आहे. सुपारीच्या सततच्या चघळण्याने गालाच्या आतील मऊ आवरण कठीण व पांढरट होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. मुंबईतील डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये या विकाराचे वर्णन केले. निरोगी व्यक्तीच्या तोंडात साधारणतः तीन बोटे उभी मावतात. ती मावेनाशी झाली, तिखट लागताच तोंडाची आग होऊ लागली, तर विकाराची सुरुवात झाली असे समजावे. हा विकार पूर्णपणे बरा होत नाही आणि त्यातून कर्करोग उद्भवू शकतो. तंबाखू नसलेली सुपारीदेखील कर्करोगजनक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नमूद केले आहे. त्यामुळे ‘मी फक्त सुपारी खातो’ हे समर्थन टिकत नाही.

महाराष्ट्र शासनाने जुलै २०१२ मध्ये गुटखा व पानमसाल्यावर बंदी घातली. तत्पूर्वी २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने शैक्षणिक संस्थांपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांच्या विक्रीस मनाई केली होती. कायदा आहे, पण महाविद्यालयाच्या प्रवेशद्वारापासून चालत निघाल्यास पहिली टपरी किती अंतरावर लागते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

प्रौढ वय : हिरड्यांचे विकार

तिशीनंतर दात गमावण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे हिरड्यांचा विकार. वर उल्लेखिलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ३५ ते ४४ या वयोगटातील ८९.६ टक्के व्यक्तींत हिरड्यांचे विकार आढळले. ६५ ते ७४ या वयोगटात हेच प्रमाण ७९.९ टक्के होते. ही घट आरोग्य सुधारल्याची निदर्शक मानता येत नाही. या वयापर्यंत अनेकांचे दात पडून गेलेले असतात आणि जेथे दात नाही, तेथे त्याभोवतीच्या हिरडीचा विकारही नोंदला जात नाही.

दातांवरील चिकट थर वेळीच निघाला नाही तर तो कठीण होऊन किटण बनतो. त्यामुळे हिरडी सुजते, रक्त येते आणि हळूहळू दाताला आधार देणारे हाड झिजते. हा विकार बहुधा दुखत नाही आणि त्यामुळेच तो अधिक घातक ठरतो. ‘दात साफ करून घेतले की ते सैल होतात’ या गैरसमजामुळे अनेक सुशिक्षित व्यक्तीही उपचार टाळतात. वास्तविक दात किटणामुळे आधीच सैल झालेला असतो. किटण निघाल्यावर ही स्थिती प्रथमच जाणवते, इतकेच. तसेच वरची दाढ काढल्याने दृष्टी अधू होते, या समजुतीलाही शास्त्रीय आधार नाही.

मधुमेह आणि हिरड्यांचा विकार यांचा संबंध दुहेरी आहे. मधुमेहामुळे हिरड्यांचा विकार बळावतो आणि हिरड्यांतील दाहामुळे रक्तशर्करा नियंत्रणात ठेवणे कठीण जाते. गरोदरपणात संप्रेरकांतील बदलांमुळे हिरड्या सुजतात व त्यांतून रक्त येते. बाळ आईच्या दातांतील कॅल्शियम ओढून घेते म्हणून दात जातात, असे मानून हा विकार अटळ समजला जातो. दातांतील कॅल्शियम असे निघून जात नाही. या काळात दातांची स्वच्छता अधिक काटेकोरपणे करणे आणि आवश्यकतेनुसार उपचार घेणे, हाच योग्य मार्ग होय.

मिश्री : स्त्रियांच्या मौखिक आरोग्याचा विशेष प्रश्न

सातारा-सांगली परिसरातील मौखिक आरोग्याचा विचार मिश्रीच्या उल्लेखाशिवाय पूर्ण होऊ शकत नाही. तंबाखू तव्यावर किंवा खापरावर काळी होईपर्यंत भाजून, तिची पूड करून ती दातांना व हिरड्यांना लावण्याची सवय पश्चिम महाराष्ट्रातील ग्रामीण स्त्रियांत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. तंबाखूची मोठी बाजारपेठ असलेले निपाणी या भागापासून दूर नाही, त्यामुळे कच्चा माल सहज मिळतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूरविरहित तंबाखूचे सेवन करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण १६.६ टक्के होते.

मिश्रीला समाजात व्यसन म्हणून क्वचितच ओळखले जाते. ती ‘दात घासण्याची’ वस्तू मानली जाते. सिगारेट ओढणारी स्त्री टीकेस पात्र ठरते; मिश्री लावणाऱ्या आजीकडे मात्र कोणी वेगळ्या नजरेने पाहत नाही. दात दुखला म्हणून एखाद्या वडीलधाऱ्या स्त्रीने दिलेली चिमूटभर मिश्री ही या सवयीची नेहमीची सुरुवात होय. निकोटिनमुळे वेदना तात्पुरती बोथट होते. रक्तवाहिन्या आकुंचन पावल्यामुळे हिरडीतून रक्त येणेही कमी झाल्यासारखे वाटू शकते. रोग झाकला जातो आणि औषध लागू पडले असा समज होतो. पुढे ‘मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ अशी अवस्था येते आणि दिवसातून एकदा लावली जाणारी मिश्री तीन-चार वेळा लावली जाते.

तिचे परिणाम मुखापुरते मर्यादित राहत नाहीत. डॉ. फली मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तपासणी करून १९७२ मध्ये मुखाचा कर्करोग व कर्करोगपूर्व अवस्थांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तंबाखूच्या सवयी आणि मुखातील पांढरे चट्टे यांचा संबंध अशा व्यापक पाहणीतून स्पष्ट होत गेला. मुंबईतील १,२१७ गरोदर स्त्रियांच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बालकांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले. या मातांमध्ये मिश्रीचाच वापर सर्वाधिक होता. आईच्या हिरडीला लागलेली मिश्री गर्भापर्यंत पोहोचते, हे यावरून लक्षात येते.

केंद्र शासनाने १९९२ मध्ये तंबाखूयुक्त टूथपेस्ट व दंतमंजनांवर बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ती वैध ठरवली. परंतु कायद्याचा हात कारखान्यापर्यंत पोहोचतो, चुलीपर्यंत नाही. घरी भाजल्या जाणाऱ्या मिश्रीला प्रबोधन हाच उपाय आहे. ते करताना स्त्रीला दोष देऊन चालणार नाही. तिची दाढदुखी कोणी कधी गांभीर्याने घेतली नाही आणि तालुक्याच्या गावी दंतवैद्याकडे जाण्यासाठी रोजगार बुडवणे तिला परवडले नाही, म्हणून तिने मिश्रीचा आधार घेतला. दाढेवर उपचार उपलब्ध करून न देता केवळ ‘मिश्री सोडा’ असे सांगणे निष्फळ ठरेल.

वृद्धापकाळ

दात पडणे हे म्हातारपणाचे नैसर्गिक लक्षण आहे, असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः वयामुळे दात पडत नाहीत. आधीच्या चाळीस-पन्नास वर्षांत साचलेल्या रोगामुळे पडतात. वृद्धापकाळी हिरड्या मागे सरून दातांची मुळे उघडी पडतात व तेथे कीड लागते. रक्तदाब, नैराश्य इत्यादींवरील अनेक औषधांमुळे लाळ कमी होते आणि तोंड कोरडे पडते. लाळेचे संरक्षण गेल्यामुळे कीड वेगाने वाढते.

या वयातील दंतहीनतेचा परिणाम थेट ताटावर दिसतो. ज्वारी-बाजरीची भाकरी, शेंगदाणे, उसळी, काकडी-गाजर हे या भागातील सकस अन्न चावता न आल्यामुळे हळूहळू सुटते. भाकरी दुधात किंवा आमटीत कुसकरली जाते आणि पुढे पुढे चहा-बिस्किटावर दिवस निघतो. कुपोषणाचे हे कारण आरोग्य तपासणीत सहसा नोंदले जात नाही. कवळी हा यावरील परवडणारा उपाय आहे. ती रोज मऊ ब्रशने स्वच्छ करावी, रात्री काढून पाण्यात ठेवावी आणि सैल झाल्यास दुरुस्त करून घ्यावी. सैल कवळीने सतत घासून होणाऱ्या जखमेकडे दुर्लक्ष करू नये. कोणत्याही वयात दोन आठवड्यांत भरून न येणारी तोंडातील जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दिसल्यास तपासणी अत्यावश्यक आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजांनुसार भारतीय पुरुषांत आढळणाऱ्या कर्करोगांत ओठ व मुखाच्या कर्करोगाचा क्रमांक पहिला आहे. तो लवकर लक्षात आल्यास उपचारांना यश येण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

परंपरा आणि आधुनिक दंतनिगा

दातांची निगा ही पाश्चात्त्यांकडून आलेली गोष्ट नव्हे. चरकसंहितेत दिवसातून दोन वेळा दंतधावन करण्यास सांगितले असून करंज, रुई, अर्जुन यांसारख्या झाडांच्या काड्यांचा निर्देश आहे. कवल व गंडूष, म्हणजे गुळण्या करणे व तोंडात द्रव धरून ठेवणे, हेही दिनचर्येचा भाग होते. कालांतराने दोन वेळांपैकी रात्रीची वेळ आपण विसरलो आणि काडीच्या जागी राखुंडी, कोळसा, विटेची भुकटी असे खरखरीत पदार्थ आले. त्यांनी दात तात्पुरते पांढरे दिसतात, पण एनॅमल घासले जाऊन दात शिवशिवू लागतात.

आधुनिक दंतनिगेची सूत्रे थोडी आहेत. फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दिवसातून दोन वेळा, विशेषतः रात्री झोपण्यापूर्वी, दोन मिनिटे दात घासावेत. ब्रश मऊ असावा आणि तीन-चार महिन्यांनी बदलावा. घासल्यानंतर फेस थुंकून टाकावा. लगेच भरपूर पाण्याने चुळा भरल्यास फ्लोराइड वाहून जाते. गोड पदार्थ जेवणाबरोबरच खावेत. वर्षातून एकदा तरी तपासणी करून घ्यावी. फ्लोराइडच्या बाबतीत मात्र प्रमाणाचे भान हवे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड असल्यास दातांवर डाग पडतात व अतिप्रमाणात हाडांवरही परिणाम होतो. नांदेड, चंद्रपूर, यवतमाळ या जिल्ह्यांतील काही गावांनी हे दुःख भोगले आहे. म्हणून कूपनलिकेचे पाणी तपासून घेणे इष्ट ठरते.

महाविद्यालयांची भूमिका

उपचारांच्या दृष्टीने हे दोन जिल्हे साधनहीन नाहीत. कराड येथे कृष्णा विश्व विद्यापीठाचे दंतविज्ञान महाविद्यालय आहे. सांगली येथे भारती विद्यापीठाचे आणि जवळच कवलापूर येथे वसंतदादा पाटील यांच्या नावाचे दंत महाविद्यालय आहे. केंद्र शासनाचा राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमही २०१४-१५ पासून सुरू आहे. तरीही दंतवैद्य शहरांत एकवटलेले आणि रुग्ण वाड्यावस्त्यांवर विखुरलेले, ही दरी कायम आहे. ती भरून काढण्यात कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये मोलाचे साहाय्य करू शकतात.

याचे कारण आपल्या विद्यार्थ्यांच्या वयात आहे. आपल्या वर्गात बसणारी मुलगी घरी मिश्री लावणाऱ्या आजीची नात असते आणि काही वर्षांत ती स्वतः आई होणार असते. मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही पिढ्यांपर्यंत एकाच वेळी पोहोचण्याची संधी याच वयात मिळते. त्या दृष्टीने पुढील उपक्रम सुचवावेसे वाटतात.

१. प्रथम वर्षाच्या प्रवेशानंतर सर्व विद्यार्थ्यांची मुखतपासणी नजीकच्या दंत महाविद्यालयाच्या सहकार्याने करावी.
२. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विशेष शिबिरात दत्तक गावातील स्त्रियांची मुखतपासणी ठेवावी. केवळ व्याख्यान न ठेवता ज्यांना उपचाराची गरज आहे, त्यांना रुग्णालयापर्यंत नेण्याची व्यवस्था करावी.
३. शिबिराचा एक दिवस जवळच्या साखर कारखान्याच्या परिसरातील ऊसतोड कामगारांच्या वस्तीसाठी राखावा.
४. महाविद्यालयापासून १०० यार्डांच्या आतील तंबाखूविक्रीबाबत संबंधित यंत्रणेकडे पाठपुरावा करावा.
५. २० मार्च या जागतिक मौखिक आरोग्य दिनी समाजशास्त्र, गृहविज्ञान, प्राणिशास्त्र व मराठी विभागांनी एकत्रितपणे स्थानिक समजुती व सवयींची पाहणी हाती घ्यावी.

हे करताना प्राध्यापकाने स्वतःच्या सवयींकडेही पाहावे, हे ओघानेच आले. खिशात सुपारीची पुडी बाळगून दिलेले व्याख्यान विद्यार्थ्यांच्या मनावर ठसत नाही.

निष्कर्ष

१. दंतरोग हे वयाबरोबर साचत जाणारे, परंतु बहुतांशी टाळता येण्याजोगे रोग आहेत.
२. आईच्या मुखाचे आरोग्य, सहाव्या वर्षी येणारी दाढ, महाविद्यालयीन वयातील सुपारी-तंबाखू आणि तिशीनंतरच्या हिरड्या ही या साखळीतील महत्त्वाची ठिकाणे आहेत. तेथे वेळीच लक्ष दिल्यास वृद्धापकाळातील दंतहीनता मोठ्या प्रमाणात टळू शकते.
३. सातारा-सांगली परिसरात मिश्री हा स्त्रियांच्या मौखिक आरोग्यातील गंभीर अडथळा असून त्यामागे उपचारांचा अभाव हे एक महत्त्वाचे कारण आहे.
४. कायद्याने या प्रश्नाचा काही भाग सुटतो. उरलेला भाग घराघरांतील सवयींशी निगडित असल्यामुळे तो शिक्षणाच्या मार्गानेच सुटू शकतो.

दात घासण्याची रीत मूल घरातच शिकते. ती रीत बदलावयाची असेल तर उद्याचे पालक असलेल्या आजच्या विद्यार्थ्यांपासून सुरुवात करावी लागेल. त्यासाठी मोठ्या निधीची वा यंत्रणेची आवश्यकता नाही. एक ब्रश, थोडी पेस्ट, रात्रीची दोन मिनिटे आणि दाढ दुखते असे घरातील स्त्रीने सांगितल्यावर तिला त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे नेण्याची तयारी, एवढ्यापासून आरंभ करता येईल.